चुलीचं तोंड

गेल्या माघात वाईच्या बाजूला एका फार्महाउसवर चूल घालायला गेले होते. मालकीणबाई पुण्याच्या. घर कोरं करकरीत. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, खाली प्लायवूडची कपाटं आणि त्या कपाटांना खेटून कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फुटांची जागा चुलीसाठी सोडलेली. बाई म्हणाल्या, "मावशी, इथंच घाला. पाहुण्यांना हॉलमधून दिसली पाहिजे. आणि तोंड चांगलं मोठं ठेवा हं, ओंडके बसले पाहिजेत." मी मातीचं घमेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "ताई, दोन्ही जमायचं नाही. चूल मागच्या पडवीत घालीन, आणि तोंड वीतभरच राहील."

तासभर बोलणं झालं. मग चहा आला. चहानंतर पडवी ठरली, तोंडाचा रुसवा मात्र मी निघेपर्यंत टिकला. बाईंना तरी काय बोल लावायचा? चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण अशा पाट्या रस्तोरस्ती लागल्यात, आणि तिथल्या चुलींची तोंडं भट्टीएवढी असतात. लोक तेच बघतात. चुलीच्या तोंडावरून माझं बायकांशी वाजतं ते काही आजचं नाही, १९९१ पासूनचं आहे.

मी कुंभाराची लेक आणि कुंभाराचीच सून. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव. माहेरी वडील आवा लावायचे आणि वरचा धूर बघून सांगायचे, "अजून काळा येतोय, मडकी कच्ची आहेत." विस्तवाचं माझं शिक्षण तेवढंच. १९९१ साली तालुक्याला निर्धूर चुलीचं प्रशिक्षण निघालं. मातीत हात घालणाऱ्या बायका हव्या होत्या, वर चार पैसे मिळणार होते, म्हणून गेले. शिकवायला पुण्याहून सर आले होते. पहिल्या दिवशी ते मातीला हात न लावता मेणबत्ती घेऊन बसले.

मेणबत्ती पेटवली, थोडी जळू दिली आणि फुंकून विझवली. वातीतून पांढऱ्या धुराचा दोरा वर निघाला. सरांनी जळती काडी त्या दोऱ्याला लावली, वातीच्या चांगली दोन बोटं वर. ज्योत धुरावरून सर्रकन खाली उतरली आणि मेणबत्ती पुन्हा पेटली. आम्ही बायका तोंडाला पदर लावून बघत राहिलो. सर म्हणाले, "धूर जळतो. तुम्ही डोक्यावरून मोळ्या आणता, त्यातलं कितीतरी न जळताच कौलातून निघून जातं." घरी येऊन मी तो खेळ आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, तीनदा करून दाखवला. चौथ्यांदा त्यांनी मेणबत्ती काढून घेतली.

त्या एका खेळावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ते टप्प्याटप्प्याने होतं. आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग लाकूड तापतं आणि त्यातून वायू सुटतात. आपण ज्याला जाळ म्हणतो तो त्या वायूंचा. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग असा वायू होऊन बाहेर पडतो, मागे राहतो तो कोळसा, आणि त्याचा इंगळ होतो. या वायूंना नीट पेटायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि हवा लागते. दोन्हींतलं एक कमी पडलं की ते न जळताच वर जातात. त्यालाच धूर म्हणायचं. पातेल्याच्या बुडाला जे डांबरासारखं चिकटतं, तेही तेच.

म्हणून चूल नीट चालवायची तर पहिली गोष्ट वाळलेलं सरपण. आता तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि वाळकं लाकूड किलोला साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी देतं. हिशोब केला तर ओल्या लाकडाची सहावा-सातवा हिस्सा उष्णता त्याचं स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते. तेवढ्यावर भागलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. खरा तोटा पुढे होतो. पाणी उडेपर्यंत चूल थंड राहते, वायू पेटत नाहीत आणि निम्मं जळण धूर होऊन डोळ्यांत जातं.

आमच्याकडे आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्यामुळे सरपणाचं काम माघ-फाल्गुनात उरकावं लागतं. लाकूड तोडून नुसतं रचून ठेवलं तर आतून ओलंच राहतं, ते फोडावं लागतं. साल पाणी आत कोंडून धरते, चिरलेल्या अंगातून ते निघून जातं. खाली दोन आडवे ओंडके टाकून त्यावर ढीग रचायचा, म्हणजे वाळवी लागत नाही आणि खालून वारा खेळतो. वाळलं की नाही ते कसं ओळखायचं? दोन फाटी एकमेकांवर आपटायची. वाळकी टणकन वाजतात, ओली बद्द आवाज करतात. वाळक्याच्या तोंडाला चिरा पडलेल्या असतात. आणि तरीही ओलं लाकूड चुलीत गेलंच, तर ते स्वतःच सांगतं: जाळ एका टोकाला, दुसऱ्या टोकातून फेस, आणि सूं सूं आवाज. असं लाकूड लगेच बाहेर ओढून चुलीशेजारी टेकवून ठेवावं. चुलीच्या वर माळ्यावर लाकडं वाळत ठेवायची पद्धत चांगली आहे, पण डोक्याच्या बरीच वर. हातभर उंचीवर टांगलेलं सरपण पेटलेलं मी पाहिलं आहे.

कुठलं लाकूड? बाभळीचा इंगळ टिकतो, आंब्याचा जाळ मऊ, सुबाभूळ भरभर जातं. बुरकुंडं आणि तुराट्या पेटवणीला उत्तम, दम मात्र नाही. कण्हेर आणि बिब्बा चुलीत घालायचा नाही, हे जुन्या बायका सांगतात ते अगदी बरोबर आहे. कण्हेर विषारी आहे, आणि बिब्ब्याच्या धुराने तोंड सुजतं. त्यात मी आजची भर घालते: प्लायवूड, सनमायका, रंग दिलेली जुनी खिडकी, आणि पेटवणीला म्हणून वापरतात ती प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा. यांतून जे निघतं ते कण्हेरीहून बरं असेल असं मला वाटत नाही.

आता पेटवणं. एक दिवस शांतपणे चुलीसमोर बसून बघा. आधी कालची राख काढायची, कारण हवा खालून येते आणि राखेने तिचा रस्ता बंद होतो. तळाशी लोखंडी जाळी असेल तर उत्तम. नसेल तर दोन विटांच्या तुकड्यांवर तीन सळया आडव्या टाकल्या तरी चालतं. राजस्थानात मेवाड अंगीठी म्हणून जुन्याच चुलीत ठेवायची एक साधी लोखंडी जाळी निघाली, तिचं सगळं कसब लाकडाखालून हवा देण्यात आहे. जाळीवर वाळका पाला, त्यावर ढलप्या, त्यावर बोटाएवढ्या काटक्या. काडी खालून लावायची. काटक्यांनी जाळ धरला की मनगटाएवढी दोन फाटी, मध्ये बोट जाईल इतकं अंतर ठेवून. त्यांची फक्त टोकं जाळात हवीत. टोक जळेल तसं लाकूड पुढे सारायचं. चांगली चूल चालवणारी बाई दर तीन-चार मिनिटांनी हात पुढे करून लाकूड थोडंसं सारते, तेही मागे वळून कुणाशी तरी बोलता बोलता. नवखी बाई एकदम पाच लाकडं कोंबते आणि मग फुंकणी घेऊन बसते. फुंकणी सारखी लागत असेल तर दोष फुंकणाऱ्या बाईचा नसतो, लाकूड ओलं असतं, राख साचलेली असते किंवा चूल ठासून भरलेली असते.

आणि तोंड. मोठ्या तोंडातून गरजेपेक्षा जास्त हवा आत येते, जाळाला थंड करते आणि निम्मी उष्णता घेऊन बाहेर पडते. शिवाय समोर बसलेल्या बाईची नडगी भाजते ती वेगळी. तोंड लहान ठेवलं की आत उष्णता कोंडते आणि वायू पेटतात. सरांनी हे सगळं आकृती काढून शिकवलं. मी मान डोलावली आणि गावोगाव लहान तोंडाच्या, दोन भांड्यांच्या, धुराड्याच्या चुली घालत सुटले. दहा-अकरा वर्षांत चारशेच्या वर घातल्या असतील.

पहिल्या खेपेच्या चुली महिन्याभराने बघायला गेले तर एका वाडीत सातपैकी पाच चुलींची तोंडं पहारीने फोडलेली. मी संतापले. एक वहिनी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, कुऱ्हाड चालवायला घरात माणूस हाय का? धनी मुंबईला माथाडीत. मी डोंगरातून फांद्या आणती, त्या तशाच सारती. तुज्या चुलीत जायला त्या फोडायच्या कुणी?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्या तालुक्यातले निम्मे पुरुष तेव्हा मुंबईत ओझी वाहत होते. लाकूड बारीक हवं, हे चुलीचं शास्त्र. ते बारीक करणारा हात गावात नाही, हे त्या आकृतीत कुठं नव्हतं.

दुसरं गाऱ्हाणं भाकरीचं. तव्यावर भाजलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या इंगळांवर उभी करून शेकायची, तेव्हा ती फुगते. माझ्या चुलीत इंगळ जाळीतून खाली पडायचे आणि तोंडातून भाकरी आत जायची नाही. बंद चुलीवरची भाकरी चामड्यासारखी होते म्हणाल्या बायका, आणि खरंच होत होती. तिसरं, मागचं भोक. पुढे तवा असताना मागच्या वैलावर भांडं नसलं की धूर तिथून वर. "दर वेळी दुसरं भांडं आणू कुठनं?" पुढच्या चुलींत मी तोंडासमोर वीतभर रुंद ओटा बाहेर काढायला लागले, इंगळ ओढायला. आणि मागच्या भोकावर सतत पाण्याचं पातेलं ठेवायला सांगायला लागले, आंघोळीला नाहीतर भांड्यांना कामी येतं. फोडलेल्या चुली त्यानंतर कमी दिसल्या.

चुलीवर डोकं चालवणारी मी काही एकटी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथं १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं ठाणं होतं, तिथल्या मंडळींनीही धुराड्याची 'मगन चूल' काढली होती. सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. देशभरात तीन कोटींहून जास्त चुली घातल्याची नोंद आहे. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेतले शंभरातले दहा-पंधरा भाग भांड्याला पोचतात, या चुलींनी किमान वीस पोचवावेत अशी अट होती. प्रयोगशाळेत पोचवतही होत्या. पण धुराडं तुंबलं की साफ कोण करणार, चीर पडली की लिंपणार कोण, हे ठरलेलं नव्हतं. उद्दिष्टाचे आकडे भरायच्या घाईत घातलेल्या चुली वर्षभरातच ढासळल्या. पुढे डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या आरती संस्थेने साच्यातून काढायची 'लक्ष्मी' चूल गावोगाव नेली. साच्यामुळे मापं चुकत नाहीत. माझ्यासारखीला हाताचा अंदाज पुरतो, पण सगळ्यांना कसा पुरेल?

धुराड्याबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगते. एका घरी पाइप कमी पडला म्हणून मी धुराडं वळचणीच्या खालीच संपवलं. समोरून वारा आला की सगळा धूर उलटा घरात. बाई बिचारी मलाच विचारत होती, "निर्धूर म्हणजे असंच असतं का?" धुराड्याचं तोंड आढ्याच्या वर निघायला हवं, आणि त्यावर पाऊस-वारा अडवणारी टोपी हवी. गवताच्या छपरातून पाइप नेताना भोवती मोकळी जागा सोडून पत्रा लावावा लागतो. मी एकदा तोही लावला नव्हता, पेंढा करपल्याचा वास वेळेवर आला म्हणून निभावलं. पावसाळ्यात धुराडं गार पडतं आणि ओढत नाही. तेव्हा चूल पेटवण्याआधी धुराड्याच्या बुडाशी मूठभर वाळका पाला जाळायचा, गरम हवेचा रस्ता सुरू होतो. महिन्यातून एकदा काठीला फडकं गुंडाळून आतली काजळी काढायची, कारण तीही पेटते. आणि एक लक्षात ठेवा, धुराडं धूर घरातून काढतं, कमी करत नाही. तो शेजारच्या खिडकीत जाणार असेल तर तुमची चूल निर्धूर, शेजारणीची नाही.

आता भांड्यांकडे वळते, कारण इथं फुकटात बचत होते. झाकण. फक्त झाकण. डाळ भिजत घालून, झाकण ठेवून, उकळी आल्यावर एक लाकूड ओढून घेतलं तर किती जळण वाचतं ते मी काट्यावर वजन करून पाहिलंय, पण आकडा सांगत नाही, तुम्हीच करून बघा. पातेलं आणि चूल यांत बोटभर फट हवी. जास्त असेल तर जाळ बाजूने पळतो, कमी असेल तर गुदमरतो. भांड्याला बाहेरून मातीचा पातळ लेवा द्यायची रीत बायकांनी सोडली, ती परत धरावी. काजळी लेव्यावर बसते, भांडं धुताना एका हातात निघते.

पाणी तापवायला मात्र चुलीपेक्षा आपला जुना बंब सरस. त्यात विस्तव पाण्याच्या पोटात असतो, चारी बाजूंनी पाणी, मधून धुराडं. वीस लिटर पाणी आंघोळीइतकं कढत करायला साधारण साडेचारशे-पाचशे किलोकॅलरी लागतात. उघड्या चुलीवर त्याला सव्वा-दीड किलो लाकूड जातं. उष्णतेतला चौथा भाग जरी पाण्याला पोचला तर अर्ध्या किलोत काम होतं. ज्यांनी तांब्याचे बंब मोडीत घातले त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. अट एकच, बंब न्हाणीघराच्या बाहेर.

ही अट का, ते आता सांगते, आणि हे जरा नीट वाचा. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण उठून बाहेर तरी जातो. इंगळांचा वायू दिसत नाही, वासही येत नाही. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. रक्तात प्राणवायूच्या जागी तो चिकटतो, प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतून माणूस उठत नाही. दर थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात त्या याच्याच. आपल्याकडे बाळंतिणीची खोली बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून, बाजेखाली शेगडी सरकवायची आणि ओवा-शेपूची धुरी द्यायची पद्धत आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्याही बाजेखाली शेगडी होती. लेकीच्या वेळी मी ती ठेवू दिली नाही. शेजारच्या काकू आठवडाभर बोलत होत्या. शेक द्यायचा असेल तर इंगळ बाहेर पुरते फुलवून, खिडकी-दार उघडं ठेवून, जागं राहून द्या, आणि शेगडी परत बाहेर न्या. कुणाला चक्कर आलीच तर आधी त्याला उघड्यावर न्यायचं आणि मग दवाखान्यात, कारणं शोधत बसायचं नाही.

धुराचा हिशोब मात्र लगेच लागत नाही, वर्षांनी लागतो. आमच्या आत्याबाईंना साठीत दम लागायला लागला. कराडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "आजी, बिडी किती वर्षं ओढता?" त्यांनी उभ्या जन्मात बिडीला हात लावला नव्हता. चाळीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत चुलीसमोर बसल्या होत्या, त्यातली पाच-सहा वर्षं माझा नवरा आणि दीर त्यांच्या मांडीवर. किर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजायची यंत्रं बांधून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते प्रथम मोजलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. आत्याबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. चूल पेटवताना आणि विझवताना धूर सगळ्यात जास्त, त्या वेळी तरी तान्हं मूल कडेवर नको.

भाजण्याबद्दल थोडक्यात. पदर खोचा, आणि शक्यतो सुती नेसा. नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. चिकटलेलं कापड ओढून काढू नका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. धुमसत्या चुलीत रॉकेल ओतू नका, वाफ पेटते आणि जाळ डब्यापर्यंत येतो. चुलीतून बाहेर आलेलं लांब लाकूड रांगत्या पोराच्या उंचीचं असतं.

आणि राख. एका फाल्गुनात मी सकाळची राख गार झाली समजून उकिरड्यावर टाकली. वरून गार होती. दुपारी वारा सुटला आणि शेजारच्या वैरणीच्या गंजीने पेट घेतला. अर्धी गंजी वाचली, ती दीरांच्या धावपळीमुळे. राखेच्या पोटात इंगळ एक दिवसाच्या वरही जिवंत राहतो. राख आधी पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवावी, दोन दिवसांनी मग भांड्यांना घ्या, कडधान्यात घाला.

एवढं सगळं सांगून झाल्यावर लोक विचारतात, मग तुम्ही स्वतः कशावर करता? गॅसवर. उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि आज दहा कोटींहून जास्त घरांत त्यातला गॅस आहे, आमच्या वाडीत बहुतेक घरी आहे. मातीची चूल कितीही हुशारीने घातली तरी धुराच्या बाबतीत गॅसची बरोबरी करत नाही, आणि हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलते आहे. पण टाकी संपते, पैसे हाताशी नसतात, आणि आंघोळीच्या पाण्यासाठी कुणी टाकी जाळत नाही. त्यामुळे वाडीत गॅस आला तरी चुली गेल्या नाहीत, मागच्या पडवीत सरकल्या. तिथं असलेली चूल तरी नीट असावी, एवढंच माझं म्हणणं.

वाईच्या बाईंचा परवा फोन आला. ओंडके बसत नाहीत ही तक्रार कायम आहे, पण माळ्याने ते फोडून दिले आणि भाकरी फुगली म्हणाल्या. त्यांच्या शेजारच्या बंगल्यात दोन चुली हव्या आहेत. मी दिवाळीनंतर येईन म्हटलं. आत्ता पावसात चूल घालत नाही. माती वाळत नाही, आणि ओल्या चुलीत विस्तव घातला की ती पहिल्याच दिवशी तडकते.